आधी वाट दाखवा, मग दाखला मागा

प्रवेशाचा मोसम बघायचा असेल तर कॉलेजच्या फाटकावर जाऊ नका. कोल्हापूरच्या शाहूपुरीत या. मध्यवर्ती बस स्थानकातून बाहेर पडा आणि पहिल्या झेरॉक्सच्या दुकानासमोर पाच मिनिटं उभे राहा. राधानगरी, गगनबावडा, आजरा, चंदगडकडून पहाटेची एसटी धरून आलेले आई-बाप तिथं दिसतील. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली फाईल. माणूस भिजला तरी चालेल, फाईल भिजता कामा नये.

गेल्या आठवड्यात अशा एका दुकानात बाप-लेक उभे होते. पोरीचं नाव अभियांत्रिकीच्या यादीत लागलेलं. आता कागद दाखवून प्रवेश पक्का करायचा, एवढंच उरलेलं. दुकानदारानं यादी वाचली, फाईल उघडली आणि एकेक कागद बाजूला काढायला सुरुवात केली.

"मामा, नॉन-क्रीमीलेअर मार्चलाच संपलंय."

"गेल्या सालीच काढलंय की ओ."

"नवीन लागतंय. आणि व्हॅलिडिटी कुठाय?"

बापानं पोरीकडं बघितलं. पोरीनं खाली बघितलं. मग त्यानं दुकानदाराला विचारलं, "ती कुठं मिळती?"

माझा आजचा सगळा लेख या एका प्रश्नावर आहे.

ही पोर दोन वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात होती. तिथं प्राचार्य आहेत, वर्गशिक्षक आहेत, कार्यालय आहे, सूचनाफलक आहे. सीईटीचा फॉर्म भरताना तिनं स्वतःचा प्रवर्ग लिहिला होता. तरीही जात वैधता प्रमाणपत्र कुठं मिळतं हा प्रश्न तिच्या बापाला प्रवेशाच्या तोंडावर झेरॉक्सवाल्याला विचारावा लागला. आणि त्यानं उत्तर दिलं, नीट दिलं, फुकट दिलं. त्या दुकानदाराला माझा नमस्कार. पण ज्यांना या कामाचा पगार मिळतो त्यांचं काय?

एक गोष्ट आधीच सांगतो. कागद मागू नका, असं माझं म्हणणं नाही. राखीव जागा ज्याची त्यालाच मिळाली पाहिजे. खोटा दाखला दाखवून कुणी आत शिरला तर तो याच पोरीची जागा खातो. म्हणूनच महाराष्ट्रानं २००० साली जातीचा दाखला देण्याचा आणि तो पडताळण्याचा स्वतंत्र कायदा केला. पडताळणी हवीच. माझा राग आहे तो सांगण्याच्या वेळेवर. जे कागद मिळवायला महिने लागतात, त्यांची आठवण मुलांना मुदत संपायला चार दिवस उरले असताना का करून दिली जाते?

हे कागद मिळवणं म्हणजे काय असतं, ते ज्यांच्या घरात पदवी आहे त्यांनी एकदा समजून घ्यावं.

जातीच्या दाखल्याला आणि वैधतेला पुरावा लागतो तो आज-कालचा चालत नाही. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. या तारखांच्या आधीचा कागद हवा. म्हणजे आजोबांचा, पणजोबांचा. पहिली मागणी असते ती त्यांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्याची.

आता सांगा, ज्या घरात आजवर कुणी शाळेची पायरी चढलं नाही, त्या घरात आजोबांचा शाळेचा दाखला येणार कुठून? ज्या मुलीसाठी ही सगळी सवलत आहे, त्या पहिल्या पिढीच्या मुलीकडंच हा कागद नसतो. ज्याचे आजोबा मॅट्रिक झाले, त्याचं काम एका दिवसात होतं. जिचे आजोबा दुसऱ्याच्या बांधावर राबले, ती तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजवते.

यालाही वाट आहे. गावचं जन्म-मृत्यूचं रजिस्टर, म्हणजे गाव नमुना नंबर १४, त्यात जुन्या नोंदीत जात लिहिलेली सापडते. जुनं खरेदीखत चालतं, महसुली कागद चालतात. वडिलांकडच्या रक्तनात्यात चुलत्याला, चुलतभावाला, आत्याला वैधता मिळालेली असेल तर तो मोठा आधार होतो. पण हे सांगायला कुणीतरी हवं ना? अकरावीच्या वर्गात एका तासात सांगून होतं. तो एक तास मिळत नाही म्हणून पोरीचं वर्ष जातं.

उत्पन्नाचंही असंच. दोन वेगळ्या कागदांवर आठ लाखांची मर्यादा असते आणि लोकांना वाटतं दोन्हींचा हिशोब एकच. तो एक नाही. फी सवलतीसाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो, त्यात घरातलं सगळं उत्पन्न येतं. इतर मागासवर्गाच्या नॉन-क्रीमीलेअरला तीन वर्षांचं उत्पन्न बघतात आणि त्यात शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. उसाचं बिल हातात धरून 'आपण बसत नाही' असं म्हणत परत फिरलेले शेतकरी मी बघितले आहेत. ते बसत होते. त्यांना कुणी सांगितलंच नाही.

या न सांगण्याची किंमत काय, तेही ऐका. ८ जुलै २०२४ ला सरकारनं निर्णय काढला. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागासवर्गातल्या ज्या मुलींच्या घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे, त्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. चांगला निर्णय आहे, आणि त्याचं स्वागत मी याच जागेवरून करतो. पण त्यात अट आहे: प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतूनच झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्थेच्या पातळीवर घेतलेल्या प्रवेशाला ही माफी नाही.

अर्थ नीट लक्षात घ्या. कागद वेळेत नाही म्हणून पोरगी केंद्रीभूत प्रक्रियेतून बाहेर पडली, तर तिची नुसती जागा जात नाही, फीमाफीही जाते. मग बाप सोसायटीचं कर्ज काढतो, दुभती म्हैस विकतो, किंवा "पुढच्या साली बघू" म्हणतो. आणि मुलीच्या बाबतीत 'पुढच्या साली' म्हणजे बहुतेक वेळा लग्न. एका कागदाच्या आणि एका न सांगितलेल्या तारखेच्या पायी एवढं सगळं घडतं.

त्या बाप-लेकीला आणखी एक गोष्ट कुणीतरी सांगितली होती: "पाचशेचा स्टॅम्प घेऊन या." कशाला? प्रतिज्ञापत्राला.

जातीचा, उत्पन्नाचा, रहिवासाचा दाखला काढायला जे प्रतिज्ञापत्र करावं लागतं, त्याचं मुद्रांक शुल्क या राज्यानं २००४ सालीच माफ केलंय. शंभराचा स्टॅम्प पाचशेवर गेल्यावर पुन्हा गोंधळ झाला, तेव्हा २०२५ च्या मार्चमध्ये महसूलमंत्र्यांनी ही माफी परत एकदा जाहीर केली. त्याआधी ९ मार्च २०१५ च्या शासन निर्णयानं प्रतिज्ञापत्राच्या जागी साधं स्वयंघोषणापत्र आणि साक्षांकित प्रतीच्या जागी स्वतःच सही केलेली प्रत चालेल, असं ठरवून दिलं. एकाच गोष्टीसाठी सरकारनं इतक्या वेळा कागद काढला, तरी शाहूपुरीत बापाच्या खिशातून पाचशेची नोट निघतेच. पाचशे रुपये म्हणजे त्या माणसाची एका दिवसाची मजुरी. हुकूम मंत्रालयात निघतो आणि खिडकीपर्यंत पोचत नाही. तो पोचवणं ही खिडकीमागच्या माणसाची जबाबदारी आहे, खिडकीपुढच्याची नव्हे.

आता मी ज्या पेठेत उभा राहून हे लिहितोय, तिच्याकडं वळतो. शाहूपुरी ही राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ साली वसवलेली गुळाची पेठ. मिरजेहून कोल्हापूरला रेल्वे १८९१ ला आली होती, आणि स्टेशनाजवळ व्यापार उभा राहावा म्हणून ही पेठ आखली गेली. नुसतं 'व्यापार करा' असं फर्मान काढून व्यापार होत नसतो. जागा द्यावी लागते, रस्ता द्यावा लागतो. हे त्या राजाला कळत होतं.

शिक्षणातही त्यानं तेच केलं, आणि त्याआधी एक धडा घेतला. १८९६ साली कोल्हापुरात राजाराम वसतिगृह निघालं. नियमानं ते सगळ्या जातींच्या मुलांसाठी होतं. प्रत्यक्षात तिथं ब्राह्मण विद्यार्थीच उरले. दार सर्वांना उघडं होतं, पण खेड्यातल्या कुळवाड्याच्या पोराला त्या दारापर्यंत आणणारं कुणी नव्हतं. दार उघडं आहे, येत नसतील तर तो त्यांचा दोष, असं म्हणून महाराजांना हात झटकता आले असते. त्यांनी १९०१ ला व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं. त्याच वर्षी जैन बोर्डिंग, मग मुस्लिम, लिंगायत, १९०८ ला अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. एकेका समाजाच्या मुलाला हाताला धरून शहरात आणलं, त्याच्या जेवणाची, झोपायची, अभ्यासाची सोय लावली. दसरा चौकात गेलात तर जैन आणि मुस्लिम बोर्डिंग आजही उभी दिसतात. याच जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकलेल्या भाऊराव पाटलांनी पुढं १९१९ ला रयत शिक्षण संस्था काढली आणि हीच वसतिगृहाची कल्पना साताऱ्यात नेली.

त्या राजाचा धडा एवढाच: प्रवेश खुला केला म्हणजे प्रवेश दिला असं होत नाही. पहिल्यांदा येणाऱ्याला वाट दाखवावी लागते. एकशे पंचवीस वर्षांनंतर त्याच कोल्हापुरात आम्ही दार उघडं ठेवतो, आणि उंबऱ्यावर वीस कागदांची यादी टांगून आत निघून जातो. हे शाहूंच्या गावाला शोभत नाही.

बरं, कागद जमले, प्रवेश झाला. पुढं काय? पुढं उद्बोधन.

विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१९ साली 'दीक्षारंभ' नावाची मार्गदर्शिका काढली. नव्या विद्यार्थ्याला कॉलेजात रुळायला मदत करायची, शिक्षकांशी ओळख करून द्यायची, गट पाडून प्रत्येक गटाला एक शिक्षक मार्गदर्शक द्यायचा, असं सगळं त्यात आहे. अभियांत्रिकीला तर तांत्रिक शिक्षण परिषदेनं तीन आठवड्यांचा कार्यक्रम सांगितला आहे. कागदावर चांगली योजना आहे. आमच्याकडं तिचं होतं काय? बऱ्याच ठिकाणी एका सकाळचा समारंभ होतो. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, पाहुण्यांना फेटा, संस्थेच्या पन्नास वर्षांचा आढावा, तीन भाषणं, आभार. मुलं शेवटच्या रांगेत बसून एसटीची वेळ बघत असतात. त्या दोन-तीन तासांत त्यांच्या उपयोगाचं एक वाक्य बोललं जात नाही.

त्या मुलांना काय हवं असतं, ते मी सांगतो.

नव्या शैक्षणिक धोरणात मेजर म्हणजे काय, मायनर म्हणजे काय, आणि पहिल्या वर्षी घेतलेला विषय तिसऱ्या वर्षी कुठं नेऊन सोडतो? श्रेयांक कसे मोजतात आणि ते ज्या खात्यात जमा होतात ते खातं कसं उघडायचं? एक वर्ष करून थांबलं तर प्रमाणपत्र मिळतं, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी. पण थांबलेल्याला परत कसं यायचं? महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज दर वर्षी नव्यानं करावा लागतो, हे कुणी सांगितलं? आधार बँक खात्याला जोडलेलं नसेल तर पैसे अडकतात, हे? एखादा पेपर राहिला तर पुढच्या वर्षात बसता येतं का?

आणि रॅगिंग. प्रवेशाच्या वेळी मूल आणि पालक दोघांकडून रॅगिंगविरोधी हमीपत्र घेतात. गठ्ठ्यातला आणखी एक कागद म्हणून दोघंही न वाचता सही करतात. महाराष्ट्रात रॅगिंगला बंदी घालणारा कायदा १९९९ पासून आहे, देशभराचे नियम २००९ पासून आहेत. मुलानं त्रास होत असेल तर १८००-१८०-५५२२ या क्रमांकावर कधीही फोन करायचा, नाव सांगायची सक्ती नाही. हा क्रमांक मोठ्यानं दोनदा म्हणून घ्यायला एक मिनिट लागत नाही. फेटा बांधायला त्याहून जास्त वेळ लागतो.

सीमाभागातल्या मुलांचं तर आणखी अवघड. बेळगाव, निपाणी, खानापूरकडची मराठी मुलं शिकायला कोल्हापूरकडं बघतात. शिवाजी विद्यापीठ १८ नोव्हेंबर १९६२ ला सुरू झालं तेव्हापासून हे नातं आहे. वादग्रस्त ८६५ गावांतल्या मराठी मुलांना महाराष्ट्रातल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांत स्वतंत्र संधी आहे. त्यासाठी गाव वादग्रस्त भागात असल्याचा आणि मातृभाषा मराठी असल्याचा दाखला लागतो. बोर्ड वेगळं म्हणून स्थलांतर प्रमाणपत्र आणि पात्रतेची वेगळी प्रक्रिया. सत्तर वर्षं 'आम्ही तुमचे' म्हणत आलेल्या माणसाच्या पोराला आम्ही शाहूपुरीत उतरवतो आणि कुठली खिडकी ते सांगत नाही. भाषणात सीमाभाग आणि कार्यालयात 'उद्या या', हे थांबलं पाहिजे.

आणखी दोन गोष्टी, पालकांनी लक्षात ठेवाव्यात अशा.

मूळ कागदपत्रं पडताळून परत द्यायची असतात, ठेवून घ्यायची नसतात. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये हे बजावलं आहे. दुसरीकडं चांगलं कॉलेज लागलं तर मूल अडकून पडू नये, म्हणून. प्रवेश रद्द केल्यावर फी किती परत मिळते, त्याचंही कोष्टक त्याच आदेशात आहे. कुणी कागद दाबून धरले तर लेखी मागा.

दुसरी गोष्ट, दाखला ही मेहेरबानी नाही. लोकसेवा हक्क कायदा २०१५ पासून लागू आहे. अर्ज दिला की पोच घ्या. प्रत्येक दाखल्याला मुदत ठरलेली आहे, ती टळली तर अपील करता येतं आणि कारणाशिवाय उशीर करणाऱ्याला दंड होतो. "साहेब नाहीत" हे त्या कायद्यातलं उत्तर नाही.

आता मागण्या. चारच आहेत, आणि एकीलाही वेगळा निधी लागत नाही.

पहिली: उद्बोधन प्रवेशानंतर नको, प्रवेशाच्या आधी हवं. अकरावीच्या पहिल्या महिन्यात, प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयात, पालकांना बोलावून, शक्यतो रविवारी. कुठला दाखला, कुठं, किती दिवसांत आणि नसेल तर काय, हे फळ्यावर लिहून.

दुसरी: जात वैधतेचे अर्ज अकरावी-बारावीतच कॉलेजनं भरून घ्यावेत. हे होतं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्याच्या नावानं 'मंडणगड पॅटर्न' म्हणून हे ओळखलं जातं. विज्ञान शाखेच्या मुलांना कॉलेजातच अर्ज भरून घेऊन प्रमाणपत्र हातात द्यायचं. डोंगरातल्या छोट्या तालुक्याला जमलं ते करवीर नगरीला जमायला काय हरकत आहे?

तिसरी: जून ते ऑगस्ट या तीन महिन्यांत बस स्थानकावर एक मदत कक्ष. एक टेबल, दोन खुर्च्या, विद्यापीठाचा एक माणूस, तहसीलचा एक माणूस. गावाकडून आलेल्याचं पहिलं पाऊल जिथं पडतं, तिथं. स्वयंघोषणापत्राचे नमुने तिथं फुकट ठेवा, म्हणजे पाचशेचा स्टॅम्प कुणी विकत घेणार नाही.

चौथी: 'दीक्षारंभ' मराठीत करा आणि भाषणाविना करा. मागच्या वर्षीची मुलं नव्या मुलांना घेऊन कार्यालय, ग्रंथालय, वसतिगृह, खिडक्या दाखवत फिरली तर त्यासारखं उद्बोधन दुसरं नाही.

ती बाप-लेक त्या दिवशी दुपारच्या एसटीनं परत गेली. नॉन-क्रीमीलेअरचा अर्ज करायला तालुक्याला, आणि गाव नमुना १४ शोधायला. मुदत संपायला तेव्हा तीन दिवस होते. पोरीनं जाताना दुकानदाराकडून कोरा कागद मागून घेतला आणि त्यावर कुठं, काय, कुणाकडं, हे सगळं स्वतःच्या हातानं लिहून घेतलं. हा कागद तिला दोन वर्षांपूर्वी मिळायला हवा होता.

वाचकहो, तुमच्या गल्लीत, भावकीत, तुमच्या घरी कामाला येणाऱ्या मावशींच्या घरात अकरावीत शिकणारं एखादं पोर नक्की असेल. आज संध्याकाळी त्याच्या घरी जा. "अभ्यास कसा चाललाय?" हे मागाहून विचारा. आधी विचारा, "व्हॅलिडिटीचा अर्ज भरलास का?" नसेल भरला, तर उद्या त्याच्याबरोबर जाऊन भरून या.